दाजींची देवघेव

आमच्या दाजींच्या घरी गेलेला माणूस नुसता चहा पिऊन मोकळ्या हाताने परत आला, असं अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगावं; मी सांगलीहून एसटीने येऊन त्याच्या गळ्यात हार घालीन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. साताऱ्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि आता ते निवृत्त आहेत, असं सरकारचं म्हणणं आहे. अक्काला ते मान्य नाही. "पूर्वी निदान रविवारी तरी सुट्टी असायची," असं ती म्हणते. दारात माणूस दिसला की दाजींना त्याचं नाव-गाव विचारायच्या आधी त्याला द्यायचं काम सुचतं. एकदा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला मेकॅनिक आला होता. दाजींनी त्याला थेट कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि विचारलं, "समजा, एक वाचक पुस्तक परत घेऊन आलाय. यातलं कुठलं बटण दाबशील?" तो बिचारा घाबरून म्हणाला, "सायेब, मला पुस्तकातलं काय बी कळत न्हाई." दाजींनी टाळी वाजवली. "वा! मला तूच पाहिजे होतास!" पाऊण तास त्याने बटणं दाबली, तीन ठिकाणी अडला, ती तिन्ही ठिकाणं दाजींनी वहीत लिहून घेतली आणि त्याला पोहे खायला घालून वाटेला लावलं. फिल्टरची आठवण अक्काला संध्याकाळी झाली.

तर या सगळ्या खटाटोपाचं नाव होतं 'देवघेव'. वाचनालयात पुस्तक देण्या-घेण्याच्या टेबलाला देवघेव म्हणतात, त्यावरून. दाजी त्यांच्या पेठेतल्या वाचनालयाच्या कमिटीवर होते. तिथले ग्रंथपाल जाडजूड रजिस्टरांत मान घालून बसलेले असत, आणि एखादं पुस्तक कुणाकडे आहे हे सापडेपर्यंत वाचक दुसरंच काहीतरी घेऊन जाई. दाजींनी स्वतः शिकून, ठेचा खात खात, एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि ते ओपन सोर्स करून टाकलं. म्हणजे काय, हे मलाही आधी कळलं नव्हतं. दाजींनी समजावलं, "अगं, घड्याळाचं झाकण उघडं ठेवायचं. ज्याला बघायचंय त्यानं आतली चाकं बघावीत, ज्याला येतंय त्यानं दुरुस्त करावीत, आणि वेळ मात्र सगळ्यांनी फुकट बघावी." हे ऐकून मी "छान आहे हो" असं म्हणाले, ही माझी चूक. त्याच क्षणी मी देवघेवची स्वयंसेविका झाले. मी सांगलीच्या एका शाळेत क्लार्क, मला कॉम्प्युटरवर दाखले छापण्यापलीकडे काही येत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. "मेव्हणीबाई, म्हणूनच माहितीपुस्तिका तुम्ही लिहायची," दाजी म्हणाले. "मी लिहिली तर ती फक्त मलाच कळेल." हे मात्र खरं होतं. त्यांनी अक्काला वॉशिंग मशीन कसं लावायचं ते लिहून दिलं होतं, तेव्हापासून अक्का हातानेच कपडे धुते.

हळूहळू साताऱ्यापासून सांगलीपर्यंत वीस-पंचवीस लहान वाचनालयं देवघेव वापरायला लागली आणि दाजींना ध्यास लागला तो माणसं जोडण्याचा. लग्नात, बारशात, एसटीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, जिथं सापडेल तिथं ते माणूस गाठत. मलकापूरला आमच्या एका चुलत भाचीचं लग्न होतं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि नवऱ्या मुलाला आशीर्वाद द्यायला गेलेले दाजी स्टेजवरून खाली येईनात. मागे आहेर घेऊन रांग खोळंबलेली. नवरा मुलगा पुण्याला आयटीत आहे हे त्यांना तिथंच कळलं होतं. पुढच्या आठवड्यात तो पोरगा महाबळेश्वरहून देवघेवमधली एक चूक दुरुस्त करून पाठवत होता. आमची भाची अजून दाजींशी नीट बोलत नाही.

माणसं आल्याबरोबर त्यांना पेलेल असं काम हातात पाहिजे, यावर दाजींचा भारी कटाक्ष. त्यासाठी ते सोप्या सोप्या चुका राखून ठेवत. पाच मिनिटांत स्वतः दुरुस्त करता येईल अशी चूक ते महिनोन्महिने तशीच ठेवत, नव्या माणसाच्या पहिल्या घासासाठी. शिराळ्याच्या एका ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. "आवं सर, पुस्तक परत घेतलं की 'धन्यवाद' असं चारदा येतंय बगा!" दाजी शांतपणे म्हणाले, "येऊ दे, येऊ दे. राखीव आहे ते." "पर वाचक म्हणत्यात, एवढे उपकार कशाबद्दल?" "त्यांना सांगा, नवीन माणूस येतोय." तो माणूस यायला पावसाळा उलटला. तोवर शिराळ्यात पुस्तक वेळेत परत करणाऱ्यांची संख्या म्हणे वाढली होती.

आणि कुणी पहिली दुरुस्ती पाठवली, मग ती एका ओळीची का असेना, की दाजी स्वतः बाजारात जाऊन अर्धा किलो कंदी पेढे घेणार, सोबत स्वतःच्या हातानं चार ओळींचं पत्र लिहिणार आणि कुरिअर करणार. पत्राची सुरुवात ठरलेली, 'आपले पाऊल देवघेवला लागले.' अक्का म्हणायची, "नवी नवरी घरात आल्यासारखं काय लिहिता हो?" पण दाजी ऐकतील तर शपथ. फोनवरच्या ग्रुपात साठ-सत्तर माणसं जमली. रोज सकाळी गुलाबाची फुलं येत, वाढदिवसाला केक येत, दसऱ्याला सोनं येई. काम तेवढं येईना. पहिली दुरुस्ती करायचे, पेढे खायचे, पत्राचा फोटो घरच्यांना दाखवायचे आणि गप्प व्हायचे. दाजींना कळेना की पोरं का टिकत नाहीत. "काय कमी पडतंय गं माझं?" असं ते मला कितीदा तरी विचारत.

मला कळत होतं, पण मेहुणीने सांगावं कसं? त्यांच्या घरी राहायला गेलं की मी एक गोष्ट दर वेळी बघते. आपण कपडे वाळत घातले की दाजी गॅलरीत येतात, "वा, छान घातलेस!" म्हणतात, तोंडभरून कौतुक करतात, आणि आपण पाठ वळवली की एकेक कपडा काढून, झटकून, पुन्हा नीट वाळत घालतात. त्यात टाकून बोलणं नाही की काही नाही. आयटीआयच्या पोरांच्या हातातली सोल्डरिंगची गन "सरक जरा, दाखवतो" म्हणत घ्यायची सवय, ती आता हाडीमाशी खिळलेली. देवघेवमध्येही तेच चालायचं. कुणी मेहनतीनं दुरुस्ती पाठवली की दाजी ती आनंदानं स्वीकारत, पेढे पाठवत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसून ती पहिल्यापासून स्वतः लिहीत. पाठवणारा बघायचा तर त्याची ओळ कुठंच नाही. अक्काने हे ओळखून केव्हाच स्वयंपाकघराला आतून कडी लावायला सुरुवात केली होती. पण सॉफ्टवेअरला कडी कोण लावणार?

मग गेल्या वर्षी दाजींचे डोळे बिघडले. उजव्या डोळ्याला कडेचं दिसेना म्हणून अक्का त्यांना घेऊन माझ्याकडे आली आणि आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत यायची नाही, डावा जपा, आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणं आता विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.  घरी येताना दाजींनी रिक्षावाल्यालाही कसलं काम दिलं नाही. जेवायला बसल्यावर म्हणाले, "डोळ्याचं काही नाही गं. बघायचं ते बघून झालंय माझं. पण सगळ्या किल्ल्या माझ्याकडं आहेत. कोड मीच लिहिणार, दुसऱ्यानं पाठवलेलं मंजूर मीच करणार. मी थांबलो की एवढी वाचनालयं पुन्हा रजिस्टर उघडतील. साठ-सत्तर माणसं जोडली मी, आणि त्यात एकही असा नाही, की ज्याला म्हणावं, बाबा, आता तू बघ."  अक्का भाकरी वाढायची थांबली.

"संगीता होती की," मी म्हणाले.

संगीता कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावातल्या वाचनालयाची ग्रंथपाल. दुपारी वाचक नसतात त्या वेळात ती बसून कोड लिहायला शिकली होती. माहितीपुस्तिकेत काही अडलं की मला फोन करायची, त्यामुळे आमची चांगली ओळख. "हुशार पोरगी," दाजी म्हणाले, "पण टिकली नाही गं." आता मात्र माझा ताबा सुटला. "टिकली नाही? दाजी, तुम्ही तिचे कपडे पुन्हा वाळत घातलेत!"  अक्का फिसकन हसली आणि म्हणाली, "बाई गं, बोललीस एकदाची!"

झालं होतं असं, की खेड्यातल्या वाचनालयात कार्ड असतं म्हाताऱ्याच्या नावावर, पुस्तक न्यायला येते सून, वाचतं सगळं घर आणि परत द्यायला येते शेजारीण. दाजींच्या सॉफ्टवेअरला हे पटत नसे. एक सभासद, एक पुस्तक, हा त्यांचा नियम. संगीताने दोन महिने खपून त्यात 'घरखातं' बसवलं होतं. घराचं एक खातं, तीन पुस्तकं, कुणीही न्यावीत, कुणीही आणावीत. दाजींनी पेढे पाठवले, आणि मग घरखातं 'जरा नीट' केलं. घरातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि प्रत्येक वेळी कुटुंबप्रमुखाची संमती. त्यानंतर संगीताकडून चकार शब्द आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अक्काला माझ्या घरी ठेवून मी आणि दाजी कवठे महांकाळची एसटी धरून निघालो आणि पुढे वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपमधून त्या गावाला पोचलो. वडापवाल्याने दाजींना आणि मला पोत्यांच्या मध्ये बसवलं होतं. तरी दाजींनी उतरेपर्यंत त्याच्या पोरीच्या कॉलेजची चौकशी केलीच. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली. संगीता आम्हाला बघून उठून उभी राहिली, पाणी दिलं, आणि टेबलावरची एक वही घाईघाईनं ड्रॉवरमध्ये सरकवायला लागली. दाजींची नजर अधू झाली असली तरी वही बरी दिसली. "काय आहे ते?" दाजींनी ती मागून घेतली. वही उघडली तर त्यात सगळी घरखाती, हातानं आखलेली. कॉम्प्युटर शेजारी चालूच होता.

एवढ्यात एक फेटेवाले आजोबा आणि त्यांची सून आली. दाजींना राहवेना. त्यांनी स्वतः कॉम्प्युटर ओढून घेतला. "आजोबा, तुमच्या घरात कोण कोण आहे? नावं सांगा." आजोबांनी संगीताकडे बघितलं. "आवं सायेब, शिरगणती हाय का काय? पुस्तक न्ह्यायचंय मला." "म्हणजे तुम्हाला वाचायचंय." "मला कुठं वाचता येतंय? कार्ड माझं हाय. सून वाचती, आमी समदी आयकतो. शेजारची बी येत्यात. त्यास्नी बी लिवणार का?" दाजींनी तरी नेट धरला. "बरं, सुनेची जन्मतारीख?" सून पदराआड हसायला लागली. आजोबा म्हणाले, "तिची सोडा, माझीच मला म्हाईत न्हाई. आन् संमती कसली इचारताय? घरात माझी संमती इचारतंय कोण!" तोवर संगीताने वहीत एक रेघ ओढून पुस्तक सुनेच्या हातात दिलं होतं. पाणी प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला असेल.

ती दोघं गेल्यावर दाजींनी त्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तू हे मला का नाही सांगितलंस?" संगीताचे डोळे भरले, पण बोलली खणखणीत. "सर, सांगितलं होतं की. कोडमधनंच सांगितलं होतं. तुम्ही पेढे पाठवलेत, लय गोड होते. आईनं देवापुढं ठेवले. पण माझी एक ओळ न्हाई ठेवली तुम्ही. मग वाटलं, तुमच्या हातनं नीटच होतंय की सगळं, मी कशाला मधी मधी करू?" मी खिडकीबाहेर बघायला लागले. दाजींना असं कुणी बोललेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "तुझं घरखातं होतं तसं परत लावतो." संगीता म्हणाली, "तुम्ही नका लावू सर. मला लावू दे."

म्हणजे किल्ली मागितली होती तिनं. काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवायचा हक्क, जो आजवर फक्त दाजींकडे होता. दाजी "बघतो" म्हणाले आणि आम्ही परत आलो. पुढचे आठ दिवस साताऱ्यात अक्काने कसे काढले ते तिलाच ठाऊक. दाजी गॅलरीत येरझारा घालायचे, "तिनं काही बिघडवलं तर?" असं भिंतीला विचारायचे, कॉम्प्युटरसमोर बसून उठायचे. शेवटी अक्काच म्हणाली, "बिघडवू दे की. तुमच्या त्या कागदानं माझं वॉशिंग मशीन बंद पडलं, मी काय घर सोडून गेले?" त्याच दुपारी दाजींनी संगीताला हक्क देऊन टाकला. आणि ग्रुपवर लिहिलं, 'यापुढे माझ्यासकट सगळ्यांचे काम संगीता तपासेल.'

आठवडा झाला नसेल, साताऱ्याहून फोन. दाजींचा आवाज चढलेला. "मेव्हणीबाई, तिनं माझं काम परत पाठवलं! माझं! दोन चुका काढल्यात आणि लिहिलंय, 'सर, हे आमच्याकडच्या वाचनालयांत चालायचं नाही, सुधारून पाठवा.'" मी जपून विचारलं, "मग?" "मग काय? चुका बरोबर आहेत गं तिच्या!" आणि इतके मोठ्यानं हसले की मी फोन कानापासून लांब धरला. त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठीच अर्धा किलो पेढे आणले, म्हणे दुरुस्ती सुचवणारी माणसं नशिबानं मिळतात. पेठेत भेटेल त्याला थांबवून ते पेढा देत आणि आपलं काम कसं नापास झालं ते सांगत. ऐकणाऱ्याला कळेना, अभिनंदन करावं की सांत्वन. ग्रुपातली गुलाबाची फुलं पुढे हळूहळू कमी झाली. आपली ओळ जागेवर राहतेय असं दिसल्यावर गप्प झालेली माणसं एकेक करून परत आली. महाबळेश्वरवाले जावईबापूही आले, आता भाचीच्या परवानगीनं.

मागच्या महिन्यात मी साताऱ्याला गेले होते. डावा डोळा टिकून आहे, पण बारीक अक्षर आता दिसत नाही, म्हणून दुपारी ग्रुप वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी वाचत होते, दाजी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. कुणा नव्या मुलीनं विचारलं होतं, फाटलेल्या पुस्तकाची नोंद कशी करायची? दाजी एकदम सरसावून बसले. "थांब, उत्तर लिही. मी सांगतो तसं." मी टायपायला घेतलं, आणि माझी पहिली ओळ पुरी व्हायच्या आत खाली दुसऱ्याच कुणाचं तरी उत्तर आलं. मी ते वाचून दाखवलं. दाजींनी नीट ऐकलं. "माझ्यापेक्षा सोपं सांगितलंय," म्हणाले. "कोण आहे?"

मी नाव वाचून दाखवलं. "माझ्या तरी ओळखीचं नाही, दाजी."

"आपल्या नात्यातला कुणी? मी शिकवलेला?"

"नाही हो. या नावाला पेढे पाठवल्याचं तुम्हाला आठवतंय का?"

"नाही," दाजी म्हणाले. "मी ह्याला ओळखतच नाही." आणि मग पुन्हा एकदा, अगदी सावकाश, "मी ह्याला ओळखत नाही गं." त्यांचा चेहरा उजळला होता. मी विचारलं, "मग आपण काय लिहू?"  बाहेर अक्का वाळलेले कपडे काढत होती. फोनमध्ये आणखी दोघं-तिघं बोलत होती, फाटलेल्या पुस्तकाबद्दलच, आपापसात.

"काही नको," दाजी म्हणाले. मग थोडं थांबून, जरा लाजतच, "पण मी वाचलं, एवढं लिही."